नऊ नंबरची चादर

त्या शुश्रूषागृहात बत्तीस म्हातारी माणसं राहत होती आणि इस्त्रीमावशी त्या सगळ्यांना चादरीवरून ओळखायची. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण उशीखाली बिस्किटं लपवतं, कोण रडलं की अभ्र्यालाच नाक पुसतं, सगळं तिला ठाऊक. बावीस वर्षं ती तळमजल्यावरच्या धुलाईच्या खोलीत होती. इस्त्रीमावशी हे नाव कामामुळे पडलं की जिभेमुळे, यावर कर्मचाऱ्यांमध्ये दोन तट होते. तिच्या वाटेला जाणाऱ्याला चटका बसायचा, हे मात्र दोन्ही तटांना मान्य होतं.

खाज सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी आधी साबणाकडे बोट दाखवलं.

वरच्या मजल्यावरच्या दोन आज्या मनगटं खाजवू लागल्या, मग एक आजोबा, मग रात्रपाळीची मदतनीस. रोज येणारे डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी कातडी कोरडी पडते, कपड्यांत साबण राहत असेल. व्यवस्थापिका मॅडमनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं.

"मावशी, पावडर जरा बेतानं टाका हो. लोकांच्या अंगाला आग होतेय."

"मॅडम, बावीस वर्षं मी हीच पावडर हाच चमचा भरून टाकतेय. आजच आग कशी व्हायला लागली?"

"ते मला माहीत नाही. पावडर बदला आणि दोनदा खळबळा."

मॅडमनी नातेवाइकांनाही पत्र पाठवलं, की धुलाईतल्या जास्तीच्या साबणामुळे खाज येतेय. मावशीने पावडर बदलली. दोनदा कशाला, तीनदा खळबळलं. खाज कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पंधरा दिवसांत बारा जण खाजवत होते, आणि तेरावी ती स्वतः होती. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ उठलं होतं. अंथरुणावर पडलं की असं काही खाजायचं, की माणसाला स्वतःची नखं शत्रू वाटावीत. ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालू लागली.

घरी सहा वर्षांची नात तिच्या कुशीत झोपायची. एके दिवशी पोर पोट खाजवायला लागली. सुनेने पाहिलं, काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून नातीचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. मावशीला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. भांडणात निदान उत्तर तरी देता येतं.

साबणाचा आळ मात्र तिने मनातून कधीच मानला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, एवढं तिला कळत होतं. चोर कोण ते कळत नव्हतं. मग एका मंगळवारी, वाळलेले कपडे वाटताना, ती चार नंबरच्या आजीच्या दारात थांबली. आजी पाठ खुर्चीला घासत होती. आजीच्या हातात देण्यासारखं मावशीकडे काहीच नव्हतं. कधीच नसायचं. चार नंबरच्या आजीला बाहेरचा साबण चालत नाही, म्हणून तिचा मुलगा कपडे, चादरी, टॉवेल सगळं घरून धुऊन आणायचा. या आजीच्या कपड्याला मावशीच्या साबणाचा थेंबही लागलेला नव्हता, आणि सगळ्या मजल्यावर तीच जास्त खाजवत होती.

मावशी कपड्यांची गाडी तिथेच सोडून जिना उतरली आणि थेट हेडसिस्टरच्या खोलीत गेली.

हेडसिस्टर तीन महिन्यांपूर्वीच आली होती. पाठीमागे सगळे तिला फौजदार म्हणायचे. ती बेसिनपाशी उभी राहून लोक हात कसे धुतात ते पाहायची, आणि बोटात अंगठी दिसली की शाळेतल्या पोरासारखं परत पाठवायची. मावशीचं आणि तिचं अजून फारसं बोलणं झालेलं नव्हतं. दोघीही आपापल्या जागी तिखट. एका म्यानात दोन तलवारी नकोत, असं दोघींनाही वाटलं असावं.

मावशीने चार नंबरची गोष्ट सांगितली. सिस्टरने पेन खाली ठेवलं.

"मावशी, दार लावा आणि बसा. तुम्हालाही खाजतं का?"

मावशीने बाही मनगटाखाली ओढली.

"गरमीत लांब बाह्या घालून तुम्ही हिंडताय. मला दिसतं. हात दाखवा."

सिस्टरने टेबलावरचं भिंग घेतलं, मावशीची बोटं फाकवली आणि बराच वेळ पाहत राहिली. बेचक्यात केसाएवढी, राखाडी, वेडीवाकडी रेघ होती.

"हे साबणानं होत नाही. ही किड्याची वाट आहे. कातडीखाली बीळ करून राहतो तो. ही खरूज आहे, मावशी."

मावशीने हात असा मागे ओढला, जणू तिच्याच इस्त्रीने भाजला. खरूज! लहानपणी एखाद्या मुलीला खरूज झाली की तिच्याशेजारी कोणी बसायचं नाही. तिने एवढ्या माणसांच्या कपड्यांच्या घड्या या हातांनी केल्या होत्या.

"माझ्यामुळे पसरली का सगळ्यांना?"

"नाही. तुम्ही शेवटून मोजायच्या. खाज सुरू व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणजे सुरुवात कुठेतरी फार आधी झालीय. डॉक्टरांनी तपासलं, पण जे खाजवत होते त्यांनाच तपासलं." सिस्टर पुढे झुकली. "माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल म्हणून विचारते. या घरात कोणाची चादर इतरांपेक्षा वेगळी दिसते?"

"नऊ नंबर," मावशी म्हणाली. तिला विचारच करावा लागला नाही. "रोज सकाळी चादरीत मूठभर कोंडा असतो. पिठाच्या चाळणीत राहतो ना, तसा. दोन-तीन महिने झाले. पण ते नसतील, सिस्टर. ते कधी खाजवत नाहीत."

सिस्टर उठून उभी राहिली. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"चला," सिस्टर म्हणाली.

नऊ नंबरमध्ये घड्याळबाबा राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला, डावी बाजू लुळी आणि बधिर झाली, पण उजवा हात आणि स्वभाव शाबूत राहिला. रोज नाश्त्यानंतर ते दिवाणखान्यात बसायचे आणि लोक त्यांच्यापुढे मनगट धरायचे. बाबा डाव्या हाताच्या खोबणीत ते मनगट टेकवायचे, उजव्या हाताने किल्ली फिरवायचे आणि काटा जागेवर आणायचे. घड्याळ बरोबर असलं तरी लोक जायचे. बाबा थट्टा करायचे, हात धरून विचारपूस करायचे. त्या घरातला तो सगळ्यात आनंदाचा तास होता.

बाबांच्या डाव्या तळहातावर आणि बोटांमध्ये जाड, पिवळट खपल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला जुना त्वचारोग म्हणून मलम दिलं होतं आणि विषय संपला होता. सिस्टरने हातमोजे चढवले, तो हात हातात घेतला आणि मावशीकडे वळून फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खपलीचा कण काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग मावशीलाही बघायला सांगितलं. मावशीने एक डोळा मिटला. बटाट्यासारखे गोल, आखूड पायांचे किडे एकमेकांच्या अंगावरून चालले होते.

"साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या अंगावर लाखांनी आहेत. बधिर अंगाला खाज कळली नाही, आणि मलमानं ती आणखी दाबली गेली. खाजवलंच नाही, त्यामुळे किडे निवांत वाढले. एकेका खपलीत भरलेत."

मावशी सूक्ष्मदर्शकापासून मागे सरकली. रोज सकाळी ती नऊ नंबरची चादर बाहेरच्या बोळात नेऊन झटकायची. मशीनमध्ये कोंडा जाऊ नये म्हणून. तिने ते तिथल्या तिथे सांगून टाकलं.

"बरं झालं सांगितलंत," सिस्टर म्हणाली. "उद्यापासून झटकायची नाही, एवढंच. आता रडत बसायला वेळ नाही. मला तुमची गरज आहे."

व्यवस्थापिका मॅडमना मात्र घाम फुटला. "सिस्टर, उगाच खाजवून खरूज काढू नका. नातेवाइकांना कळलं तर उद्या घर रिकामं होईल. आपण 'त्वचेची ॲलर्जी' असं कळवू."

"मॅडम, खरूज आधीच निघालीय. खाजवून सगळ्यांची नखं झिजलीत." सिस्टर शांतपणे बोलत होती. "बत्तीस माणसं, एकोणीस कर्मचारी, कर्मचाऱ्यांच्या घरचे आणि जे नातेवाईक हात धरून बसतात ते, सगळ्यांना एकाच दिवशी मलम लागलं पाहिजे. एक जरी सुटला तरी महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खोटं सांगितलं तर लोक मलम कशाला लावतील?"

मॅडमनी मावशीकडे पाहिलं, जणू तिथून तरी आधार मिळेल. मावशी म्हणाली, "साबणाचं पत्र पाठवलं होतंत ना सगळ्यांना? माझ्या नावावर? मग आता खरं पाठवा."

पत्र गेलं. पुढचा बुधवार ठरला.

सोमवारी कर्मचाऱ्यांची बैठक झाली. सिस्टरने सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "कोणाकोणाला खाज आहे?" एकोणीस माणसं छताकडे, खिडकीकडे, स्वतःच्या चपलांकडे पाहू लागली. रात्रपाळीच्या मदतनिसीने हात पाठीमागे घेतले. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "आमच्या घरी असलं काही नसतं बाई."

इस्त्रीमावशी उठली. तिने ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि दोन्ही हात सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवले.

"बघून घ्या. मी रोज दोनदा आंघोळ करते आणि उकळत्या पाण्यात कपडे धुते. तरी झाली. मी घरभरच्या चादरी उचलते, तुम्ही बत्तीस जणांना उठवता-बसवता. न झाली तरच नवल. आता लाजायचं असेल तर गुरुवारी लाजा. बुधवारी मलम लावा."

कोणीतरी हसलं. मग मदतनिसीने पाठीमागचे हात पुढे आणले. मग एकेक बाही वर गेली. अकरा जण निघाले. अकरावी स्वयंपाकीणबाई होती. तिने बाही नाही, पदर सरकवून कंबर दाखवली आणि म्हणाली, "मला वाटलं परकराची नाडी काचतेय."

घरी सांगणं त्यापेक्षा अवघड होतं. मावशीने मलमाच्या चार ट्यूब स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवल्या आणि सुनेला सरळ सांगितलं. खरूज आहे. कामावरून आली. पोरीला माझ्यामुळे झाली. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, सकाळी आंघोळ, अंथरुणं-कपडे गरम पाण्यात.

सून ट्यूब हातात घेऊन वाचत राहिली.

"मला राग आला होता, आई," ती शेवटी म्हणाली. "खाजेचा नाही. तुम्ही लपवत होतात त्याचा. तुम्ही बाह्या खाली ओढायचात आणि मी पोरीला उचलून आत न्यायचे. दोघीही मुक्याच."

"तू विचारायचंस की गं."

"तुम्हाला? इस्त्रीला हात लावून ती गरम आहे का बघायचं?"

मावशीला हसू आलं. बुधवारी संध्याकाळी मुलाने आपलं आपण उरकलं, पोरीला गुदगुल्या करत दोघींनी लावलं. मग मावशी पाठीला हात पोचवायची धडपड करू लागली. सुनेने ट्यूब तिच्या हातून काढून घेतली.

"वळा."

लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, पण सुनेने सासूची पाठ कधी पाहिली नव्हती. ती खांद्यांपासून सावकाश मलम चोळत खाली आली. कमरेपाशी थांबून म्हणाली, "इथे केवढं ओरबाडलंय तुम्ही!" आणि मग पुन्हा पुन्हा त्याच जागी हात फिरवत राहिली. मावशीने डोळे मिटून घेतले. मग तिने सुनेच्या पाठीला लावलं.

पण त्याआधी तो सगळा बुधवार कामावर गेला होता, आणि तो दिवस मावशीचा होता.

तिने धुलाईच्या खोलीत जमिनीवर लाल चिकटपट्टी मारली. पट्टीच्या अलीकडे मळकं, पलीकडे स्वच्छ. मळकं दार वेगळं, स्वच्छ दार वेगळं. चादरी खोलीतच गुंडाळून पिशवीत घालायच्या, तोंड बांधायचं, कोणी झटकायची नाही, छातीशी धरायची नाही. जे गरम पाण्यात घालता येत नाही, म्हणजे लोकरी शाली, बूट, कापडी बाहुल्या, ते आठवडाभर बंद पिशवीत. "किड्याला माणूस मिळाला नाही की तो उपाशी मरतो," ती प्रत्येकाला सांगत होती. घड्याळांचे कातडी पट्टेसुद्धा पिशवीत गेले. व्यवस्थापिका मॅडम गाऊन आणि हातमोजे घालून पिशव्यांवर खोल्यांचे नंबर लिहीत होत्या, आणि एका पिशवीवर सहाच्या जागी नऊ लिहिला तेव्हा मावशीने त्यांना लाल पट्टीच्या पलीकडून असा आवाज दिला, की मॅडम "सॉरी" म्हणाल्या.

संध्याकाळी चार वाजता मलम लावायला सुरुवात झाली. दोघा-दोघांच्या जोड्या, हातात यादी, प्रत्येक नावापुढे खूण. रोजचे डॉक्टर नेहमीप्रमाणे घाईत बॅग घेऊन निघाले होते. दारात मावशी उभी.

"डॉक्टर, तुमची ट्यूब."

"मला काही त्रास नाही, मावशी."

"घड्याळबाबांनाही नव्हता."

डॉक्टर थांबले. कानांपर्यंत लाल झाले. मग त्यांनी ट्यूब घेतली, यादीत सही केली आणि थोडं थांबून म्हणाले, "घरी आणखी तिघं आहेत." मावशीने आणखी तीन ट्यूब दिल्या.

घड्याळबाबांचं प्रकरण एका दिवसात मिटणारं नव्हतं. त्यांना गोळ्या आणि मलम दोन्ही चालू झालं आणि तीन आठवडे खोलीत एकटं राहायला सांगितलं गेलं. आत जाणाऱ्याने गाऊन, हातमोजे घालायचे, बाहेर येताना दारातच काढायचे, हात साबणाने धुवायचे. पहिल्या दोन दिवसांत बाबा कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशी चादर बदलायला आत गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मी सगळ्यांचा हात धरायचो," ते भिंतीलाच म्हणाले. "लोक विश्वासानं द्यायचे."

मावशीने चादर पिशवीत घातली, तोंड बांधलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोरच्या बाजूला जाऊन बसली.

"बाबा, तुम्हाला कळत होतं का हाताला काय झालंय?"

"बधिर हात. काय कळणार?"

"मग दोष कसला? मला तर दिसत होतं. रोज मूठभर कोंडा दिसायचा, आणि मी तो झटकायचे. डॉक्टरांना दिसत होतं, त्यांनी मलम दिलं. आम्ही डोळस माणसं चुकलो, तुम्ही कशाला भिंतीशी बोलताय?"

बाबांनी डोळे भिंतीवरून तिच्याकडे वळवले. "बाहेर काय म्हणतात?"

"शिव्या देतात. घड्याळं सगळी वेगवेगळी चाललीत, जेवायला कोणी वेळेवर येत नाही."

बाबा हसले. त्या दिवसापासून ते रोज हात कोमट पाण्यात बुडवून ठेवू लागले. सिस्टर हातमोजे घालून मऊ झालेल्या खपल्या हलकेच काढायची आणि जागेवर नवं मलम लावायची. रविवारी त्यांची मुलगी आली, ती आधी दारातच तडकली. "आमच्या घरात असलं घाणेरडं कधी नव्हतं! तुमच्याकडून लागलं!" सिस्टरने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला स्वतःला खाज आहे?" मुलीचा आवाज खाली आला. तिला दोन महिने होती. तिच्या नवऱ्यालाही होती. सिस्टरने तिला आत बसवलं, गाऊन कसा घालायचा ते दाखवलं, आणि जाताना घरच्यांसाठी ट्यूब दिल्या. ती बापाशेजारी तासभर बसून गेली.

आठवड्याने दुसरा हात झाला. पुन्हा मलम, पुन्हा बत्तीस खोल्या, पुन्हा लाल पट्टीच्या अलीकडे डोंगर. तरी दहाव्या दिवशी चार नंबरची आजी खाजवत होती आणि मॅडम धापा टाकत आल्या. "सगळं फुकट गेलं!"

"नाही गेलं," सिस्टर म्हणाली. "किडे मेलेत, त्यांची घाण कातडीत राहिलीय. अंग ती बाहेर टाकेपर्यंत खाजणार. दोन-चार आठवडे. नवीन पुरळ कुठे दिसतंय का, तेवढंच बघायचं."

ती रोज बघत होती, आणि मावशी रोज चादरी बघत होती. संध्याकाळी दोघी पाच मिनिटं बसून आपापली टिपणं जुळवायच्या. तिखटाला तिखट मिळालं की चव जमते म्हणतात, तसं काहीसं झालं होतं. नवीन पुरळ कुठेच आलं नाही. सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या तळव्याचा कण पुन्हा काचेखाली धरला आणि मावशीला बोलावलं. मावशीने बराच वेळ पाहिलं. काहीच हलत नव्हतं. बाबांचा डावा तळहात लहान मुलाच्या टाचेसारखा गुलाबी झाला होता.

घर रिकामं झालं नाही. एकच कुटुंब आपल्या आजोबांना घेऊन गेलं, आणि महिन्याने परत आणून सोडलं. मॅडमनी नवा नियम लावला. येणाऱ्या प्रत्येकाची कातडी पहिल्याच दिवशी पाहायची, आणि साप्ताहिक तपासणीच्या कागदावर सिस्टरच्या सहीखाली धुलाई विभागाची सही घ्यायची. मावशीने पहिली सही केली तेव्हा पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडलं.

पुढच्या महिन्यात एक नवी आजी दाखल झाली. ठसठशीत, टापटीप, नाकाने कांदे सोलणारी. सिस्टर तिची बोटं भिंगातून पाहत होती आणि मावशी शेजारी उभी राहून तिच्या घरून आलेल्या चादरी उलगडून बघत होती.

"हे काय चाललंय?" आजी म्हणाली. "या सिस्टर, ते समजलं. पण तुम्ही कोण?"

"मी इथल्या चादरी धुते," मावशी म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक उजेडात धरलं.